हागिया सोफिया

हागिया सोफिया : तुर्कस्तानातील इस्तंबूल (प्राचीन बायझंटियम, नंतरचे कॉन्स्टँटिनोपल) या शहरातील जगप्रसिद्ध घुमटयुक्त वास्तू. बायझंटिन वास्तुकलेचा हा सर्वश्रेष्ठ नमुना मानला जातो. सम्राट पहिला जस्टिनियन (कार. ५२७–५६५) याने ती ५३२–५३७ या काळात बांधविली. पुढे सु. नऊशे वर्षे ती कॉन्स्टँटिनोपलच्या पेट्रिआर्कचे (सर्वोच्च धर्माधिकाऱ्याचे) मुख्य चर्च व पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संप्रदायाचे केंद्र होती. १४५३ मध्ये तिचे मशिदीत व १९३४-३५ मध्ये संग्रहालयात रूपांतर करण्यात आले. २०२० पासून ती पुन्हा मशीद म्हणून वापरात आहे. ‘हागिया सोफिया’ या ग्रीक शब्दांचा अर्थ ‘पवित्र प्रज्ञा’ असा आहे. ख्रिस्त हाच ईश्वरी प्रज्ञा होय, या धर्मसिद्धांतास अनुसरून हे नाव देण्यात आले. पाश्चात्त्य लेखनात रूढ झालेल्या ‘सेंट सोफिया’ या नावावरून ही वास्तू सोफिया नावाच्या संत स्त्रीस वाहिलेली असावी असा समज होतो. तो चुकीचा आहे. तुर्की भाषेत तिला ‘आयासोफ्या’ म्हणतात.

या वास्तूच्या अभ्यासात चर्चचा इतिहास आणि संरचना अभियांत्रिकी या दोन दूरच्या वाटणाऱ्या विद्याशाखा एकत्र आल्या आहेत. वास्तू अशीच का बांधली गेली, याचे उत्तर पुष्कळ अंशी धर्मविधींत सापडते. ती कोठे व का खचली, हे गणित व मापन यांवरून कळते. आणि कोणता भाग कोणत्या शतकातील आहे, हे ठरविण्यासाठी बायझंटिन इतिवृत्ते व विटांमधील सांधे या दोहोंची साक्ष घ्यावी लागते.

पूर्वेतिहास : सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३३० मध्ये बायझंटियम येथे आपली नवी राजधानी स्थापन केली. तेथील ‘महाचर्च’ कॉन्स्टँटियस दुसरा याच्या कारकीर्दीत, १५ फेब्रुवारी ३६० रोजी समर्पित झाले. पेट्रिआर्क जॉन क्रिसोस्टोम याच्या हद्दपारीमुळे ४०४ मध्ये उसळलेल्या दंगलीत ते जळाले. थीओडोशियस दुसरा याने बांधविलेले दुसरे चर्च १० ऑक्टोबर ४१५ रोजी समर्पित झाले. या दुसऱ्या चर्चच्या दर्शनी द्वारमंडपाचे काही अवशेष उत्खननात सापडले आहेत. जानेवारी ५३२ मध्ये जस्टिनियनच्या राजवटीविरुद्ध ‘नायका’ नावाने ओळखला जाणारा उठाव झाला. त्यात शहराच्या मध्यभागाबरोबर हे चर्चही भस्मसात झाले. उठाव मोडून काढल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, २३ फेब्रुवारी ५३२ रोजी, जस्टिनियनने नव्या चर्चचे काम सुरू केले. २७ डिसेंबर ५३७ रोजी त्याचे समर्पण झाले. एवढ्या मोठ्या वास्तूस पाच वर्षे व दहा महिने हा काळ फार थोडा होता आणि या घाईचे परिणाम पुढे दिसून आले.

वास्तुविशारद : ट्रॅलीझचा (सध्याचे आयदिन) अँथेमियस व मायलीटसचा इसिडोर यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. समकालीन लेखक त्यांना केवळ बांधकाम करणारे न म्हणता ‘यंत्रज्ञ’ या अर्थाच्या ग्रीक संज्ञेने संबोधतात. या संज्ञेत भूमिती व यामिकी यांचे शास्त्रीय ज्ञान अभिप्रेत होते. अँथेमियसने दाहक आरशांविषयी लिहिलेल्या ग्रंथाचा काही भाग उपलब्ध आहे. इसिडोर हा आर्किमिडीझच्या ग्रंथांच्या संपादनाशी संबंधित होता व हेरॉनच्या छतरचनेवरील ग्रंथावर त्याने भाष्य लिहिले होते. थोडक्यात, दोघेही ग्रीक गणितपरंपरेतील विद्वान होते. मात्र एवढ्या मोठ्या विटांच्या घुमटाचा अनुभव त्यांना किंवा त्यांच्या काळातील अन्य कोणाला असणे शक्य नव्हते. रोममधील पँथीऑनचा (इ. स. दुसरे शतक) घुमट याहून मोठा आहे, परंतु तो वर्तुळाकार, अखंड व जाड भिंतीवर उभा आहे. येथे घुमट चार खांबांवर तोलावयाचा होता.

रचना : वास्तूचा मुख्य भाग जवळजवळ चौरस, म्हणजे सु. ७० × ७५ मी. आहे. मध्यदालनाच्या चार कोपऱ्यांवर चार प्रचंड दगडी महास्तंभ असून त्यांवर चार मोठ्या कमानी उभारलेल्या आहेत. लगतच्या दोन कमानींमधील कोपरा गोलाच्या पृष्ठाचा भाग असलेल्या त्रिकोणाकृती बांधकामाने भरून काढला आहे. असे चार गोलीय त्रिकोण वर एकत्र येऊन वर्तुळ तयार होते व त्यावर घुमट बसतो. चौरस पायावर वर्तुळाकार घुमट बसविण्याची ही पद्धत त्यापूर्वी लहान प्रमाणावर वापरात होती. एवढ्या भव्य प्रमाणात तिचा वापर येथे प्रथम झाला. (विजापूरच्या गोल घुमटात हाच प्रश्न एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या योजनेने सोडविला आहे.) घुमटाचा व्यास सु. ३१ मी. असून जमिनीपासून शिखराची उंची सु. ५५·६ मी. आहे. घुमटास ४० फासळ्या असून त्यांच्या तळाशी, दोन फासळ्यांच्या मधे एक, याप्रमाणे ४० खिडक्या आहेत. या खिडक्यांतून येणाऱ्या प्रकाशामुळे घुमट भिंतींवर टेकलेला नसून वरून टांगलेला आहे, असा भास होतो. इतिहासकार प्रोकोपियस याने आपल्या वास्तुवर्णनात या भासाचा आवर्जून उल्लेख केला आहे.

मध्यदालनाच्या पूर्व व पश्चिम बाजूंना मुख्य कमानींना लागून दोन अर्धघुमट असून त्यांच्या पोटात आणखी लहान अर्धघुमट आहेत. उत्तर व दक्षिण बाजूंना मात्र अर्धघुमट नाहीत. तेथील कमानींखाली खिडक्यांनी युक्त अशा पडदीवजा भिंती असून त्यांच्या खाली स्तंभांच्या दोन रांगा आहेत. त्यांपलीकडे पक्षदालने व त्यांवर सज्जे आहेत. स्तंभांसाठी व भिंतींच्या आच्छादनासाठी थेसलीतील हिरवा दगड, ईजिप्तमधील जांभळा पॉर्फिरी, मार्मारा समुद्रातील प्रोकॉनेसस बेटावरील पांढरा संगमरवर इत्यादींचा वापर केलेला आहे. छतांच्या अंतर्भागात सुवर्ण पार्श्वभूमीचे कुट्टिमचित्रण (मोझेइक) आहे [⟶ बायझंटिन कला].

उपासना व वास्तुविधान : पूर्व-पश्चिम दिशेस अर्धघुमट आणि उत्तर-दक्षिण दिशेस केवळ पडदीभिंती, या असमान योजनेचे कारण समजण्यासाठी तत्कालीन उपासनाविधी पाहावा लागतो. सहाव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलच्या उपासनेत मिरवणुकीस मोठे महत्त्व होते. उपासनेच्या आरंभी पेट्रिआर्क, धर्माधिकारी व सणाच्या दिवशी स्वतः सम्राट पश्चिमेकडील द्वारातून प्रवेश करीत व मध्यदालनातून पूर्वेकडील वेदीकडे जात. शुभवर्तमानाचे वाचन मध्यदालनातील उंच वाचनपीठावरून होई. पवित्र भाकर व द्राक्षारस यांची मिरवणूकही याच अवकाशातून वेदीकडे जाई. म्हणजे या विधीस एकाच वेळी दोन गोष्टींची आवश्यकता होती : सर्वांचे लक्ष वेधणारे भव्य केंद्र व पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा सरळ मार्ग. केंद्राची गरज घुमटाने भागविली, तर दोन अर्धघुमटांनी त्या मार्गाची दिशा सूचित केली. उत्तरेस व दक्षिणेस पक्षदालने आणि सज्जे हे भाविकांना उभे राहण्यासाठी होते.

चर्चचा व्याप किती मोठा होता, हे जस्टिनियनच्या ५३५ मधील एका कायद्यावरून दिसते. चर्चवरील खर्चाचा बोजा वाढल्यामुळे धर्माधिकाऱ्यांची संख्या मर्यादित करणारा हा कायदा ६० पुरोहित, १०० उपपुरोहित, ४० उपपुरोहित स्त्रिया, ९० साहाय्यक, ११० वाचक व २५ गायक, असे ४२५ जण व शिवाय १०० द्वारपाल नेमण्यास मुभा देतो.

बांधकामाचे साहित्य व पहिला घुमट : महास्तंभांचा खालचा भाग घडीव दगडांचा आहे, कमानी, गोलीय त्रिकोण, अर्धघुमट व घुमट विटांचे आहेत. चुन्यात विटांचा चुरा व भुकटी मिसळून केलेला दर्जा येथे वापरला आहे. आपल्याकडील जुन्या बांधकामांतील सुरखीच्या चुन्याशी त्याचे साम्य आहे. मात्र त्याचे थर असाधारण जाड असून ते कित्येक ठिकाणी विटांच्या जाडीइतके किंवा त्याहूनही अधिक आहेत. अशा चुन्याला पुरते बळ येण्यास दीर्घकाळ लागतो आणि ओला असताना तो भाराखाली दबतो. काम वेगाने पुढे नेल्यामुळे खालचा चुना पक्का होण्यापूर्वीच त्यावर वरचा भार पडत गेला.

याचे पडसाद प्रोकोपियसच्या वृत्तांतात उमटले आहेत. पूर्वेकडील मोठी कमान अर्धवट असतानाच तिच्याखालील महास्तंभ भार सोसेनासे झाले व त्यांचे कपचे उडू लागले. तेव्हा कमान पूर्ण केली म्हणजे ती स्वतःच्याच आधाराने उभी राहील, असे सम्राटाने सांगितले. दुसऱ्या एका प्रसंगी कमानींखालील स्तंभांवर फार भार येऊ लागल्यामुळे कमानींना लागून असलेले बांधकाम काढून घेऊन ओल सुकल्यावर ते पुन्हा बसविण्यात आले. प्रोकोपियसने ही सम्राटाला झालेली ईश्वरी प्रेरणा म्हणून वर्णिली आहे. दरबारी स्तुतीचा भाग वगळला, तरी या दोन्ही घटना अभियंत्याला परिचित आहेत : अपुऱ्या कमानीचा असंतुलित रेटा आणि न वाळलेल्या चुन्याचे आकुंचन.

घुमटाचे वजन सरळ खाली जात नाही. तो आपल्या तळाशी सर्व बाजूंना बाहेर रेटतो. घुमट जितका पसरट, तितका हा आडवा रेटा अधिक. मूळ घुमट सध्याच्या घुमटापेक्षा बराच पसरट होता. पूर्व व पश्चिम दिशांना त्याच्या रेट्यास अर्धघुमटांचा प्रतिरोध मिळे. उत्तर व दक्षिण दिशांना मात्र महास्तंभांच्या मागील धीऱ्यांवाचून दुसरा आधार नव्हता. परिणामी चारही महास्तंभ वरच्या भागात उत्तर-दक्षिण दिशेने बाहेर कलले. याचा परिणाम मात्र उत्तर-दक्षिण कमानींऐवजी पूर्व-पश्चिम कमानींवर झाला. कारण पूर्वेकडील कमान ही ईशान्य व आग्नेय महास्तंभांना जोडते व ते एकमेकांपासून दूर सरकले, की तिचा गाळा रुंदावतो आणि तिचा माथा खचतो. अर्धघुमटांचा आधार असलेल्या बाजूच पुढे वारंवार का कोसळल्या, या वरवर विसंगत वाटणाऱ्या गोष्टीचे स्पष्टीकरण यात आहे. उपासनेसाठी स्वीकारलेल्या पूर्व-पश्चिम अक्षाची किंमत वास्तूला अशा रीतीने मोजावी लागली.

ऑगस्ट ५५३ व डिसेंबर ५५७ च्या भूकंपांनी घुमटास तडे गेले आणि दुरुस्ती चालू असतानाच ७ मे ५५८ रोजी पूर्वेकडील कमान, तिला लागून असलेला अर्धघुमट व मुख्य घुमटाचा काही भाग कोसळला. वेदी व तिच्यावरील छत्र त्याखाली चिरडले गेले.

दुसरा घुमट : अँथेमियस तोपर्यंत मरण पावला होता. पुनर्बांधणीचे काम थोरल्या इसिडोरच्या पुतण्याकडे (धाकटा इसिडोर) देण्यात आले. त्याने केलेल्या बदलांची माहिती अगाथियस या इतिहासकाराने दिली आहे. उत्तर व दक्षिण कमानी त्याने आतील बाजूने रुंद केल्या व घुमटाखालील जागा अधिक समचौरस केली. नवा घुमट पहिल्यापेक्षा सु. २० बायझंटिन फूट (सु. ६ मी.) उंच करण्यात आला, त्यामुळे आडवा रेटा कमी झाला. डिसेंबर ५६२ मध्ये चर्चचे पुनःसमर्पण झाले. त्या प्रसंगी दरबारातील अधिकारी पॉल सायलेन्शियरी याने रचलेले दीर्घ वर्णनात्मक काव्य उपलब्ध असून नष्ट झालेल्या वेदी, वाचनपीठ आदींच्या पुनर्रचनेसाठी अभ्यासक त्याचाच आधार घेतात.

तळाशी असलेल्या ४० खिडक्या केवळ प्रकाशासाठी नाहीत. अर्धगोल घुमट स्वतःच्या भाराखाली असताना त्याच्या शिखरापासून सु. ५२ अंशांपर्यंतच्या आडव्या कड्यांवर दाब येतो, तर त्याखालील कड्यांवर ताण येतो. वीटकाम दाब सोसते, पण ताण सोसत नाही. म्हणून घुमटांना तळाकडून वर जाणारे उभे तडे जातात. येथे नेमक्या याच पट्ट्यात खिडक्या आहेत. त्यामुळे तडे जाण्याजोगे अखंड वीटकामच तेथे राहिलेले नाही आणि बाहेरून जाड केलेल्या फासळ्या लहान धीऱ्यांसारखे काम करतात.

चर्चच्या इतिहासातील स्थान : ऑर्थोडॉक्स चर्चच्या इतिहासातील अनेक निर्णायक घटना या वास्तूत किंवा तिच्या आवारात घडल्या. ५५३ ची पाचवी सार्वत्रिक धर्मसभा तिला जोडून असलेल्या सभागृहात भरली. प्रतिमापूजनाविरुद्ध आठव्या शतकात सुरू झालेली प्रतिमाभंजनाची राजकीय-धार्मिक चळवळ ८४३ मध्ये संपुष्टात आली. ऑर्थोडॉक्स संप्रदाय हा दिवस लेंटमधील पहिल्या रविवारी अद्यापि साजरा करतो. त्यानंतर पूर्वेकडील अर्धघुमटात बालयेशूसह मेरीचे कुट्टिमचित्र करण्यात आले. पेट्रिआर्क फोशियस याने २९ मार्च ८६७ रोजी दिलेले प्रवचन या चित्राशी जोडले जाते. दहाव्या शतकात कीव्हचा राजा व्लादिमिर याने पाठविलेले दूत येथील उपासना पाहून भारावून गेले व त्यांच्या वृत्तांतामुळे रशियन लोकांनी ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला, अशी कथा जुन्या रशियन इतिवृत्तात आली आहे.

१६ जुलै १०५४ रोजी पोपचा प्रतिनिधी कार्डिनल हंबर्ट याने पेट्रिआर्क मायकेल सेरुलॅरियस यास बहिष्कृत करणारे पत्र याच चर्चच्या वेदीवर ठेवले. पूर्व व पश्चिम चर्चमधील दुफळीचे हे प्रतीक ठरले. परस्परांवरील हे बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेण्यात आले. एप्रिल १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैनिकांनी शहर लुटले, तेव्हा हे चर्चही त्यांच्या हाती पडले व १२६१ पर्यंत लॅटिन पंथीयांच्या ताब्यात राहिले. दोन्ही चर्चच्या ऐक्याची घोषणा १२ डिसेंबर १४५२ रोजी येथेच करण्यात आली. पण सामान्य जनतेने ते ऐक्य मानले नाही आणि पुढे अनेकांनी या चर्चमध्ये येणे सोडले. २८ मे १४५३ च्या रात्री, वेढा अखेरच्या टप्प्यात असताना, दोन्ही पक्षांनी तेथे एकत्र प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी शहर पडले.

नंतरची पडझड व दुरुस्त्या : ८६९ च्या भूकंपानंतर पहिला बॅसिल याने पश्चिम कमानीची दुरुस्ती केली. ९८९ च्या भूकंपात तीच कमान, पश्चिमेकडील अर्धघुमट व घुमटाचा लगतचा भाग कोसळला. आर्मेनियातील आनी येथील कॅथीड्रलचा वास्तुविशारद त्रदात याच्याकडे पुनर्बांधणी सोपविण्यात आली आणि ती ९९४ मध्ये पूर्ण झाली. बायझंटिन आणि आर्मेनियन चर्च यांत धर्मसिद्धांतांवरून दीर्घकाळ फूट होती. तरीही महाचर्चचा घुमट उभारण्यासाठी आर्मेनियन वास्तुविशारदाची योजना झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. १३१७ मध्ये दुसरा अँड्रोनिकस याने उत्तर व पूर्व बाजूंना मोठे धीरे बांधविले. तथापि १३४६ मध्ये पूर्वेकडील कमान व घुमटाचा त्या बाजूचा भाग पुन्हा कोसळला. त्या वेळी राजकोश रिता होता. मॉस्कोच्या राजाने दुरुस्तीसाठी पाठविलेले द्रव्य सैनिकांच्या वेतनासाठी वापरले गेले, असा आरोप समकालीन इतिहासकार ग्रेगोरास याने केला आहे. दुरुस्ती लांबत जाऊन सु. १३५४ मध्ये पूर्ण झाली. अशा रीतीने सध्याच्या घुमटाच्या ४० फासळ्यांपैकी उत्तर व दक्षिण बाजूंच्या मिळून १४ सहाव्या शतकातील, पश्चिमेच्या १३ दहाव्या शतकातील व पूर्वेच्या १३ चौदाव्या शतकातील आहेत.

मशीदकाल : मुहंमद दुसरा (कार. १४५१–८१) याने शहर जिंकल्यानंतर या चर्चचे मशिदीत रूपांतर केले. पुढील काळात मीनार, मिहराब इत्यादींची भर पडली. कुट्टिमचित्रांवर टप्प्याटप्प्याने गिलावा देण्यात आला. सेलिम दुसरा (कार. १५६६–७४) याच्या आज्ञेवरून १५७३ च्या सुमारास ऑटोमन वास्तुविशारद सिनान याने आजूबाजूची अतिक्रमणे हटवून धीरे बळकट केले. सिनानने या वास्तूचा अभ्यास स्वतःच्या रचनांतही केला. सुलेमानिये मशिदीत (१५५०–५७) त्याने हागिया सोफियाप्रमाणे दोन अर्धघुमट योजले. त्यापूर्वीच्या शेहजादे मशिदीत (१५४३–४८) मात्र चारही बाजूंना अर्धघुमट देऊन रेट्याचा समतोल साधला. मिरवणुकीच्या मार्गाचे बंधन तेथे नव्हते. एदिर्ने येथील सेलिमिये मशिदीत आठ आधारांवर घुमट उभारून त्याने या प्रश्नाचे निराळेच उत्तर दिले.

सुलतान अब्दुल मजीद (कार. १८३९–६१) याने १८४७–४९ मध्ये गास्पारे व ज्युसेप्पे फोस्साती या स्विस बंधूंकडून मोठी दुरुस्ती करविली. त्यांनी घुमटाच्या तळाभोवती लोखंडी कडे बसविले व कललेले स्तंभ सरळ केले. गिलावा काढताना उघडकीस आलेल्या कुट्टिमचित्रांची रेखाटने करून ती पुन्हा झाकण्यात आली.

आधुनिक संशोधन : फोस्साती बंधूंच्या कामाच्या वेळी प्रशियन वास्तुविशारद व्हिल्हेल्म झाल्त्सेनबेर्ख याला वास्तूची मापे घेण्याची संधी मिळाली, त्याचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये लेथबी व स्वेन्सन यांचा ग्रंथ (१८९४) व ग्रीसमध्ये आंतोनियाडिस यांचा तीन खंडांतील ग्रंथ (१९०७–०९) यांनी लिखित साधने व वास्तू यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. १९३१ मध्ये तुर्की शासनाच्या परवानगीने टॉमस व्हिटमोर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील बायझंटिन संस्थेने कुट्टिमचित्रे उघडी करण्याचे काम हाती घेतले. या चित्रांमुळे प्रतिमाभंजनोत्तर कालातील धर्मकल्पना व राजसत्ता यांच्या इतिहासास नवे साधन मिळाले. उदा., दक्षिण सज्जातील सम्राज्ञी झोई व तिचा पती यांच्या चित्रात चेहरे व नाव मागाहून बदललेले आढळतात. झोईची तीन लग्ने झाली होती.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्णायक ठरलेले काम विल्यम एमर्सन व रॉबर्ट व्हॅन नाइस यांचे होय. त्यांनी १९३७ मध्ये वास्तूचे सर्वेक्षण सुरू केले आणि व्हॅन नाइस यांनी ते पुढे अनेक दशके चालू ठेवले. त्यांच्या आराखड्यांचे दोन भाग १९६५ व १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. वास्तू जशी असावी तशी न काढता, प्रत्येक कललेली भिंत व वाकडा सांधा जसा आहे तसा नोंदविल्यामुळे वास्तूतील विकृतींचे (आकारबदलांचे) स्वरूप प्रथमच स्पष्ट झाले. घुमट खऱ्या अर्थाने वर्तुळाकार नाही व महास्तंभांचा कल नेमका कोणत्या दिशेस आहे, हे या मापनांवरून निश्चित झाले.

चर्चचे अवशेष आणि उपासनाविधींचे ग्रंथ यांचा एकत्रित विचार टॉमस मॅथ्यूज यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या आरंभीच्या चर्चवरील आपल्या ग्रंथात (१९७१) केला. ब्रिटिश संरचना अभियंते रोलंड मेनस्टोन यांचा १९८८ चा ग्रंथ वास्तुकला, संरचना व उपासना या तिन्ही अंगांनी लिहिलेला आहे. अगाथियसच्या संदिग्ध वाटणाऱ्या मजकुराचा अर्थ त्यांनी प्रत्यक्ष वीटकामातील सांध्यांवरून लावला. प्रिन्स्टन विद्यापीठातील रॉबर्ट मार्क व अहमद चाकमाक यांनी १९९० च्या सुमारास संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने वास्तूचे विश्लेषण सुरू केले. त्यात असे दिसून आले की, चुना हा पहिल्यापासून पक्का होता असे मानून केलेल्या गणितात महास्तंभांचा प्रत्यक्षातील कल मिळत नाही. तो ओला व लवचिक होता असे धरले, तरच गणित व वस्तुस्थिती जुळतात. प्रोकोपियसच्या वृत्तांतास त्यामुळे अनपेक्षित पुष्टी मिळाली. दुसरीकडे अथेन्सच्या राष्ट्रीय तांत्रिक विद्यापीठातील अभ्यासकांच्या परीक्षणानुसार, पूर्ण पक्का झालेला हा चुना चिवट असून भूकंपाचे धक्के काही प्रमाणात पचविण्याची क्षमता त्यात आहे. ज्या द्रव्यामुळे वास्तू आरंभी खचली, त्याच द्रव्यामुळे ती पुढे टिकली, असा याचा अर्थ होतो.

१९९१ मध्ये इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठातील कांदिल्ली भूकंपसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वास्तूच्या निरनिराळ्या पातळ्यांवर कंपनमापक उपकरणे बसविली. लहान भूकंपांच्या नोंदींवरून वास्तूची मूलभूत कंपनसंख्या सेकंदास सु. २ असल्याचे आढळले. १७ ऑगस्ट १९९९ च्या इझमितजवळील मोठ्या भूकंपात वास्तूला गंभीर इजा झाली नाही. मात्र उत्तर अनातोलियन विभंग (भूकवचातील मोठी भेग) इस्तंबूलच्या दक्षिणेस मार्मारा समुद्राखालून जातो व तेथे मोठ्या भूकंपाची शक्यता शास्त्रज्ञ वर्तवितात. त्या दृष्टीने पूर्व व पश्चिम कमानी, म्हणजे इतिहासात तीनदा कोसळलेले भागच, अधिक चिंतेचे ठरले आहेत.

सद्यःस्थिती : तुर्की प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळाने २४ नोव्हेंबर १९३४ रोजी वास्तूचे संग्रहालयात रूपांतर करण्याचा निर्णय घेतला व १९३५ मध्ये ते खुले झाले. १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या इस्तंबूलच्या ऐतिहासिक क्षेत्रांत तिचा अंतर्भाव आहे. तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १० जुलै २०२० रोजी १९३४ चा निर्णय रद्द ठरविला व २४ जुलै २०२० पासून तेथे नमाज सुरू झाला. ऑर्थोडॉक्स चर्चने व युनेस्कोने याबद्दल खेद व्यक्त केला. तुर्कस्तानातील अनेकांनी या निर्णयाचे स्वागत केले. २०२५ मध्ये मुख्य घुमटाच्या बळकटीकरणाचे काम हाती घेण्यात आले.

वास्तूच्या मालकीविषयीचा वाद जुना आहे व तो सहजासहजी मिटण्याजोगा नाही. परंतु तिच्या जतनाचा इतिहास या वादाच्या मर्यादेत बसत नाही. ग्रीक गणितज्ञांनी उभारलेला, आर्मेनियन वास्तुविशारदाने सावरलेला, ऑटोमन स्थपतीने आधार दिलेला व स्विस वास्तुविशारदांनी लोखंडी कड्याने आवळलेला हा घुमट भिन्न धर्मांच्या लोकांच्या कौशल्यावर आजवर टिकून आहे. ती वास्तू पुढेही टिकावयाची, तर जुन्या इतिवृत्तांतील साक्ष व आधुनिक उपकरणांवरील नोंदी यांचा विचार यापुढेही एकत्रितपणेच करावा लागेल.